एक्मो लागणार असेल तर दुसऱ्या दिवशी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की लेप्टो, स्क्रब टायफस, डेंग्यू, स्वाइन फ्लू यांच्या बातम्यांबरोबर सगळ्याच दैनिकांत ‘रुग्ण एक्मोवर’ ही ओळ दिसू लागते. एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडणारे यंत्र. २०१६ साली जयललितांच्या आजारपणात आणि २०२० मध्ये एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या वेळी हा शब्द घरोघरी पोहोचला. दोघेही वाचले नाहीत, त्यामुळे ‘एक्मो लावले म्हणजे आटोपले’ असा समज पसरला. त्याच्या अगदी उलट समजही तितकाच पक्का आहे: खिशात पैसे असतील तर एक्मो माणूस परत आणते. आणि आता, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक यंत्र द्या, अशी मागणीही अधूनमधून होते. सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडणे) होऊन फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांपुरते बोलायचे तर या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

यंत्र समजायला अवघड नाही. जांघेतल्या मोठ्या शिरेत साधारण २३ ते २७ फ्रेंच मापाची नळी घालतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा २५ फ्रेंचची नळी सव्वाआठ मिलिमीटर जाडीची झाली. तिचे टोक वर हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी पोहोचते. तिथले काळपट रक्त मिनिटाला ३००० ते ४००० फेरे घेणारा पंप ओढून घेतो आणि ऑक्सिजनेटरमध्ये ढकलतो. ऑक्सिजनेटर म्हणजे हजारो पोकळ तंतूंचा ठोकळा. प्रौढांसाठीच्या ठोकळ्यात या तंतूंचा एकूण पृष्ठभाग सुमारे १.८ चौरस मीटर भरतो. तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. लालभडक झालेले रक्त मानेच्या उजव्या शिरेतून, १७ ते २१ फ्रेंचच्या दुसऱ्या नळीने परत जाते. शिरेतून काढून शिरेतच सोडायचे, म्हणून हे व्हीव्ही एक्मो. ६० किलोच्या माणसाला मिनिटाला साधारण साडेतीन ते पावणेपाच लिटर रक्त असे फिरवावे लागते. नळ्या घालताना हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे किलोमागे ५० ते १०० युनिट द्यायचे आणि पुढे रक्त गोठू नये पण वाहूही नये, अशा अरुंद पट्ट्यात रोज चालायचे.

चालवणाऱ्याच्या हातात मुख्य दोन गोष्टी असतात. रक्ताचा प्रवाह वाढवला की ऑक्सिजन वाढतो. तंतूंमधून सोडलेला वायू, म्हणजे स्वीप गॅस, वाढवला की कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि तो फार पटकन उतरतो. इथेच नवख्या चमूचा पहिला घात होतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ९० वर असलेला रुग्ण यंत्रावर घेतला आणि उत्साहाच्या भरात तासाभरात ४० वर आणला, तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात. अशा रुग्णांत मेंदूतल्या रक्तस्रावाचे प्रमाण वाढते. म्हणून स्वीप एक-दोन लिटरपासून सुरू करून दर अर्ध्या तासाने रक्तवायूंची तपासणी करत हळूहळू चढवायचा, पहिल्या २४ तासांत कार्बन डायऑक्साइडचा आकडा निम्म्याहून खाली आणायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. एक्मो जंतू मारत नाही, पू काढत नाही, फुप्फुसाची सूज उतरवत नाही. मोडलेल्या हाडाला प्लास्टर जे करते तेच ते करते: हाड जुळेपर्यंत धरून ठेवते. जुळण्यासारखे काही असेल तरच त्याचा उपयोग. शिवाय एक्मोचा निम्मा फायदा यंत्रात नसून, त्यामुळे व्हेंटिलेटर सैल सोडता येतो यात आहे. ताठरलेल्या फुप्फुसात जोराने हवा कोंबली की फुप्फुस आणखी फाटते. एक्मो चालू झाल्यावर व्हेंटिलेटरचे श्वास मिनिटाला दहाच्या आसपास आणायचे, आतला दाब २५ सेंटिमीटरच्या खाली ठेवायचा, ऑक्सिजन ३० ते ५० टक्क्यांवर आणायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत ९० रुग्णांवर एक्मोची पहिली मोठी तुलना झाली, तिचा निकाल १९७९ साली आला. दोन्ही गटांत दहातला जेमतेम एक जगला. तेव्हा रक्तस्राव अफाट होत असे, आणि एक्मोवर घेतल्यावरही फुप्फुसांना विश्रांती मिळत नव्हती. त्या निकालाने प्रौढांसाठीचे एक्मो जवळजवळ तीस वर्षे मागे ढकलले.

सेप्सिसमध्ये धरून ठेवण्याचा उपयोग व्हायचा तर मूळ कारणावरचा इलाज आधीच सुरू असावा लागतो. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला रक्ताचे कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक, पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटरपर्यंत सलाइन (६० किलोला १८०० मिलिलिटर), रक्तदाबाची सरासरी ६५ वर राहील एवढे नॉरॲड्रेनलिन हे रक्तदाब चढवणारे औषध. त्यापुढे बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की ते पाणी गळक्या फुप्फुसांतच उतरते. पोटात आतडे फुटले असेल किंवा छातीत पू साचला असेल तर तो काही तासांत काढायला हवा. तो तसाच ठेवून लावलेले एक्मो म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

आणि औषध योग्य हवे. महागडे अँटिबायोटिक म्हणजे जोरदार अँटिबायोटिक, हा समज आपल्याकडे नुसता रुग्णांचा नाही. स्क्रब टायफसच्या जंतूवर मेरोपेनेम काहीही करत नाही. तिथे डॉक्सिसायक्लिन लागते, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नाकातल्या नळीवाटे दिले तरी चालते, किंवा ॲझिथ्रोमायसिन. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास या आजाराने अनेक बळी घेतले, तेव्हापासून विदर्भात तरी डॉक्टर या आजाराची खूण असलेली काळी खपली शोधू लागले. ती सिगारेटने भाजल्यासारखी दिसते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतःहून सांगत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली कपडे बाजूला करूनच पाहावी लागते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला कूस बदलताना परिचारिकेला ती दिसते, आणि अनेकदा निदान तिथेच होते. कोकणातल्या लेप्टोला पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी किंवा सेफ्ट्रिअक्सोन पुरते. स्वाइन फ्लूला ऑसेल्टॅमिविर, अहवालाची वाट न पाहता. ही सगळी औषधे तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. हे आजार बरे होण्यासारखे असल्यामुळेच एक्मोसाठी ते चांगले उमेदवार ठरतात. लेप्टोत फुप्फुसातून रक्त येत असले तरी एक्मो वर्ज्य नाही: आजच्या नळ्यांना आतून लेप असतो, प्रवाह जोरात ठेवला तर काही दिवस हेपरिनशिवायही चालवता येते.

व्हेंटिलेटर लावला की लगेच एक्मो, असेही नाही. आधी दोन गोष्टी झालेल्या असाव्यात. पहिली, श्वासाचे माप: अपेक्षित वजनाच्या किलोमागे सहा मिलिलिटर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ८६१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. अपेक्षित वजन उंचीवरून काढायचे असते, काट्यावरून नाही. हे अजूनही सर्रास चुकते आणि जाड रुग्णाला दीडपट हवा भरली जाते. दुसरी गोष्ट पालथे झोपवणे. फ्रान्समधल्या २०१३ च्या चाचणीत रुग्णांना सलग किमान १६ तास पालथे ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर उतरले. याला यंत्र लागत नाही. चार-पाच माणसे, उशा, आणि घशातली नळी धरून डोक्याशी उभा राहणारा एक जबाबदार माणूस लागतो. दोन तास पालथे घालून ‘फरक पडला नाही’ म्हणून उलटवणे याला पालथे झोपवणे म्हणत नाहीत.

एवढे करूनही भागत नसेल तर एक्मोचा विचार कधी करायचा, याचे आकडे ठरलेले आहेत. धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाला व्हेंटिलेटरवरच्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचे. १०० टक्के ऑक्सिजनवर दाब ६० आला तर भागाकार ६०. हा आकडा ८० च्या खाली सहा तास किंवा ५० च्या खाली तीन तास राहिला, अथवा कार्बन डायऑक्साइड साठून रक्ताचा सामू ७.२५ च्या खाली सहा तास राहिला, तर वेळ झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इओलिया चाचणीत याच कसोट्या होत्या. २४९ रुग्णांत ६० दिवसांनी एक्मो गटात ३५ टक्के, दुसऱ्या गटात ४६ टक्के मृत्यू. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर हा फरक थोडक्यात हुकला. मात्र दुसऱ्या गटातल्या २८ टक्के रुग्णांना शेवटी नाइलाजाने एक्मो लावावे लागले, आणि त्या उशिरा लावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावले. आम्हाला या चाचणीतून घेण्यासारखी ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. जोराच्या व्हेंटिलेटरवर सात दिवसांहून अधिक काढलेल्या फुप्फुसात नंतर धरून ठेवण्यासारखे फार थोडे उरते. आपल्याकडे मात्र विचारणा बहुधा आठव्या-नवव्या दिवशी होते, कारण तोपर्यंत ‘अजून दोन दिवस बघू’ असे म्हणण्यात वेळ गेलेला असतो.

सेप्सिसच्या रुग्णात एक खास अडचण येते, जी केवळ न्यूमोनियाच्या रुग्णात इतकी जाणवत नाही. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदय जोरात धावते. पाच-सहा लिटरऐवजी मिनिटाला नऊ लिटर रक्त फेकू लागते. यंत्रातून जाते साडेचार लिटर. उरलेले साडेचार लिटर यंत्राला वळसा घालून, ६५ टक्के संपृक्ततेचे (म्हणजे ऑक्सिजनने ६५ टक्केच भरलेले), तसेच पुढे जाते. फुप्फुसे पूर्ण बंद आहेत असे धरून ढोबळ हिशेब करा: १०० आणि ६५ यांची सरासरी सुमारे ८२. हेच हृदय सहा लिटर फेकत असते तर साडेचार लिटर शंभराचे आणि दीड लिटर पासष्टाचे मिळून ९१ आले असते. म्हणजे यंत्र उत्तम चालू आहे, ऑक्सिजनेटर नवा आहे, आणि तरी पडद्यावर ८२ दिसते. काचेबाहेर उभे नातेवाईक घाबरतात, आणि अननुभवी डॉक्टर व्हेंटिलेटर पुन्हा शंभर टक्क्यांवर नेऊन फुप्फुसांची विश्रांती मोडतो.

वास्तविक ८५ ते ९० टक्के पुरतात. हिमोग्लोबिन १० आणि हृदयाचा प्रवाह नऊ लिटर असेल तर ८५ टक्क्यांवरही शरीराला मिनिटाला हजार मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन पोहोचतो. खर्च होतो त्याच्या चौथाई-तिहाई. लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरते आहे, लघवी होते आहे, तर आकड्यामागे धावू नये. धावायचेच तर आधी ताप उतरवावा: एक्मोला जोडलेल्या पाण्याच्या यंत्राने रक्त ३६-३७ अंशांवर ठेवता येते. गुंगी वाढवावी, थंडी-थरथर थांबवावी, गरजेप्रमाणे रक्त द्यावे, आणि त्यावरही भागले नाही तर रक्त ओढणारी दुसरी नळी घालावी. हृदयाची गती मुद्दाम कमी करणारी औषधे काही जण देतात. त्याने पडद्यावरचा आकडा सुधारतो, पण पेशींपर्यंत पोहोचणारा एकूण ऑक्सिजन कमीही होऊ शकतो. आम्ही त्याच्या बाजूचे नाही.

त्या पाण्याच्या यंत्राची दुसरी बाजूही लक्षात ठेवायची. रक्ताचे तापमान बाहेरून बांधून ठेवल्यामुळे रुग्णाला ताप येतच नाही. नवा जंतुसंसर्ग झाला तरी तक्ता ३७ दाखवत राहतो. तेव्हा नॉरॲड्रेनलिनची मात्रा विनाकारण वाढणे, पांढऱ्या पेशी चढणे, प्लेटलेट घसरणे, श्वासनळीतून येणारा स्राव बदलणे यांवर नजर ठेवावी लागते. औषधांचेही तसेच. फेंटानिल, मिडाझोलाम यांसारखी गुंगीची औषधे नळ्यांच्या प्लास्टिकमध्ये शोषली जातात, नेहमीच्या मात्रेत रुग्ण जागा होतो आणि खोकतो. खोकला की छातीतला दाब वाढतो, नळीत रक्त येईनासे होते.

ते कसे दिसते, ते सांगतो, कारण यंत्र विकत घेणे आणि ते चालवणे यांतले अंतर इथेच आहे. रक्त ओढणारी नळी पलंगाच्या कडेला थडथड उडू लागते. अर्थ इतकाच की पंप जितके मागतो आहे तितके रक्त शिरेत नाही. ओढीचा दाब उणे शंभरच्या पलीकडे गेला की शीर नळीवर चिकटते, तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी कोलाच्या रंगाची होते. प्रवाह पडला म्हणून फेरे वाढवणे ही पहिली चुकीची प्रतिक्रिया. त्याने थडथड वाढते. दुसरी चुकीची प्रतिक्रिया म्हणजे दर वेळी अर्धा लिटर सलाइन सोडणे. दोन दिवसांत त्याचे फुप्फुसात पाणी होते. आधी फेरे थोडे कमी करायचे, मग कारण शोधायचे: रुग्ण खोकतो आहे का, पोट फुगून ताठ झाले आहे का, छातीत हवा शिरली आहे का, कुठे रक्तस्राव आहे का, नळी पायाखाली दुमडली आहे का.

सर्वांत लाजिरवाणा बिघाड सर्वांत साधा असतो. रुग्णाची कूस बदलताना किंवा सीटीला नेताना वायूची बारीक नळी भिंतीतून निसटते. पंप चालू, फेरे ठीक, प्रवाह ठीक, आणि परत जाणाऱ्या नळीतले रक्त ओढणाऱ्या नळीतल्या रक्ताइतकेच काळे. दोन नळ्यांचे रंग वेगळे आहेत ना, हे दर तासाला डोळ्यांनी पाहायची सवय हवी. उलट, रुग्णाची संपृक्तता कमी आणि ओढलेले रक्तच बऱ्यापैकी लाल, ८० टक्क्यांच्या पुढे, असे असेल तर दोन नळ्यांची टोके फार जवळ आली आहेत. स्वच्छ केलेले रक्तच यंत्र पुन्हा ओढून घेत आहे. मग एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून नळी एक-दोन सेंटिमीटर मागे घ्यावी लागते.

ऑक्सिजनेटरमध्ये गाठी धरतात, त्या टॉर्चच्या उजेडात कोपऱ्यांत काळ्या दिसतात. त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक तोच प्रवाह असताना चढत गेला, किंवा शंभर टक्के वायू देऊनही बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब २०० च्या खाली आला, की ठोकळा बदलायची तयारी करायची. बदलताना रुग्ण एक-दोन मिनिटे यंत्राविना असतो, म्हणून दिवसाउजेडी, सर्व माणसे असताना बदलावा. पहाटे तीनला तो आपणहून बंद पडण्याची वाट पाहू नये. पंपाच्या आधीच्या भागात कुठेही तोटी उघडी राहिली तर हवा आत ओढली जाते. हवा दिसली की आधी रुग्णाकडे जाणारी नळी चिमट्याने बंद करायची, मग पंप. चार चिमटे पलंगाशी टांगलेले असावेत, कपाटात नव्हे. वीज गेली आणि बॅटरीही संपली तर पंप हाताने फिरवायची मूठ असते. ती कुठे आहे हे प्रत्येक पाळीतल्या परिचारिकेला अंधारात सापडले पाहिजे.

हृदयही कोलमडले असेल तर गणित बदलते. सेप्सिसमध्ये काही रुग्णांचे हृदय तात्पुरते अगदी मंद पडते. त्यांना शिरेतून घेऊन धमनीत सोडणारे व्हीए एक्मो लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री तुलनेत अशा ८२ रुग्णांपैकी ९० दिवसांनी ६० टक्के जिवंत होते. एक्मो न मिळालेल्या तशाच १३० रुग्णांत २५ टक्के. पण नुसत्या सैलावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब पडला असेल आणि हृदय जोमाने धावत असेल तर व्हीएचा उपयोग नाही. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय हा निर्णय घेऊच नये. या पद्धतीत पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, त्यासाठी ६ ते ८ फ्रेंचची वेगळी बारीक नळी खाली सोडतात, आणि संपृक्तता नेहमी उजव्या हातावर मोजतात. पायावर ९९ दिसत असताना मेंदूला काळे रक्त जात असू शकते.

आता जिल्ह्याजिल्ह्यात यंत्राच्या मागणीकडे. तज्ज्ञांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मतपत्रात एका केंद्राने वर्षाला किमान २० रुग्ण एक्मोवर हाताळावेत, असे म्हटले आहे. २०१५ साली एल्सो या जागतिक नोंदवहीच्या विश्लेषणात वर्षाला ३० हून अधिक प्रौढ रुग्ण पाहणाऱ्या केंद्रांत मृत्यूंचे प्रमाण सहाहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी आढळले. सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख होती. तिथल्या यंत्राला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण मिळतील. एका रुग्णामागे चोवीस तास एक परिचारिका, हाकेच्या अंतरावर परफ्युजनिस्ट (हे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ), रात्री दोनला नळी घालू शकणारा डॉक्टर, रक्तपेढी, डायलिसिस. वर्षातून चार वेळा चालणाऱ्या यंत्रासाठी ही माणसे तयार राहत नाहीत. राहिली तरी हात बसत नाही. त्याच पैशांत जिल्हा रुग्णालयाला रक्तवायू तपासणीचे यंत्र चालू ठेवता येईल, त्याची कार्ट्रिज वेळेवर पुरवता येतील, पालथे झोपवण्याचे प्रशिक्षण देता येईल. कार्ट्रिज संपल्यामुळे बंद पडलेले रक्तवायूचे यंत्र ही एक्मो नसण्यापेक्षा मोठी अडचण आहे, आणि तिची बातमी कधी होत नाही.

इंग्लंडमधल्या २००९ च्या सीझर चाचणीत १८० रुग्ण होते. एक्मोसाठी लेस्टरला पाठवायचे ठरलेल्या ९० पैकी ६८ जणांनाच प्रत्यक्ष एक्मो लागले, तरी त्या पूर्ण गटात सहा महिन्यांनी ६३ टक्के जण गंभीर अपंगत्वाविना जिवंत होते. आहे तिथेच ठेवलेल्यांत ४७ टक्के. जाणकार ठिकाणी वेळेत पोहोचण्यालाच बरेच श्रेय जाते. आपल्याकडे सिंधुदुर्गचे रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. राज्याने मोजकी चार-पाच केंद्रे ठरवून, त्यांचा एकच दूरध्वनी क्रमांक चालवून, २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या मोठ्या रुग्णवाहिकांपैकी काही या कामासाठी सज्ज केल्या तर ते अधिक उपयोगी. प्रत्येक केंद्राने वर्षात किती रुग्ण घेतले आणि किती घरी गेले, हेही जाहीर करावे.

प्रवासातला घोळ बहुधा ऑक्सिजनचा असतो. व्हेंटिलेटर शंभर टक्क्यांवर मिनिटाला १२ लिटर खातो असे धरा. पाच तासांना ३६०० लिटर. वाटेत घाट, टोल, बंद रस्ता धरून दुप्पट, ७२०० लिटर. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये ७००० असतात, म्हणजे एक थोडा कमीच पडतो. लहान बी टाइपमध्ये १५००, म्हणजे पाच हवेत. दोन लहान सिलिंडर घेऊन निघालेली गाडी अर्ध्या वाटेत कुठल्या तरी नर्सिंग होमच्या दारात सिलिंडर मागत उभी राहते. दुसरे, आयसीयूचा व्हेंटिलेटर काढून गाडीचा जोडताना घशातली नळी चिमट्याने क्षणभर बंद करावी, नाहीतर फुप्फुस मिटते आणि उघडायला तास लागतो. गाडीच्या व्हेंटिलेटरवर इमारतीतच पंधरा-वीस मिनिटे ठेवून, रक्तवायू पाहून मगच निघावे.

नातेवाईकांसाठी थोडे. नळ्या-ऑक्सिजनेटरचा संच एकदाच वापरता येतो, त्याचेच काही लाख पहिल्या दिवशी लागतात, आणि यंत्र बहुधा दीड-दोन आठवडे किंवा अधिक चालते. जमीन गहाण ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा: आजाराचे कारण सापडले आहे का आणि ते बरे होण्यासारखे आहे का? व्हेंटिलेटरवर आज कितवा दिवस? पालथे किती तास झोपवले? या रुग्णालयात गेल्या वर्षी किती जणांना एक्मो लावले, किती घरी गेले? आणि कोणत्या खुणा दिसल्या तर आपण थांबायचे? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण तो सुरुवातीलाच विचारावा. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्यावर, यंत्र लालभडक रक्त फिरवत असताना, तो विचारणे फार कठीण जाते. सगळीकडची आकडेवारी पाहिली तर फुप्फुसांसाठी एक्मो लावलेल्या प्रौढांपैकी साधारण दहातले सहा घरी जातात. हे ठरावीक कसोट्या लावून निवडलेल्या रुग्णांचे प्रमाण आहे.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर पुढचा परिच्छेद तेवढा ठेवावा. तो तालुक्याच्या डॉक्टरांसाठी आहे.

रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यापासून दुसऱ्या दिवशी, व्हेंटिलेटरवरचे ऑक्सिजनचे प्रमाण ८० टक्क्यांखाली आणता येत नसेल तर एक्मो केंद्राला फोन करा. पाठवायचे ठरलेले नसले तरी करा. फोनवर हे सांगा: वय, वजन, उंची; नळी घातल्याची तारीख आणि वेळ; ऑक्सिजनचे प्रमाण, पीप, श्वासाचे माप, आतला दाब; शेवटचे रक्तवायू आणि त्याची वेळ; पालथे किती तास; नॉरॲड्रेनलिनची मात्रा, लॅक्टेट, लघवी; प्लेटलेट, क्रिएटिनिन; इको; बाहुल्यांचा आकार; कोणती अँटिबायोटिक कधी सुरू केली. डायलिसिसची किंवा औषधांची नळी घालायची वेळ आली तर शक्य तोवर मानेची डावी बाजू वापरा. उजवी मान आणि उजवी जांघ एक्मोच्या नळ्यांसाठी मोकळी ठेवा.

कळावे,
आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे एक डॉक्टर व एक परफ्युजनिस्ट, पुणे